आंबोलीच्या अंजनीवरचा हिरवट सोंड्या भुंगेरा: ही नाव नसलेली जाती असू शकेल का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आंबोलीच्या घाटमाथ्यालगत, समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटर उंचीवर, आमच्या घरच्या जमिनीच्या बांधावर अंजनीची जुनी झुडपे आहेत. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्यांच्या कोवळ्या पानांच्या कडा दाते पाडल्यासारख्या कुरतडलेल्या दिसल्या, म्हणून एका सकाळी फांदीखाली छत्री उलटी धरून फांदीवर काठीने दोन-चार टोले दिले. छत्रीत जो कचरा पडला त्यात पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग करणारे सात सोंड्या भुंगेरे होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी कीटकांची छायाचित्रे काढतो. शिक्षणाने मी जीवशास्त्राचा नाही, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्यावे.

वर्णन असे. लांबी पाच ते सहा मिलिमीटर. अंगावर राखाडी झाक असलेले फिकट हिरवे खवले आहेत आणि पंखकवचांवर खवल्यांच्या मधूनमधून उभे, आखूड, पांढरे केस आहेत. सोंड आखूड आणि रुंद आहे. नारळावरच्या सोंड्यासारखी लांब व बाकदार नाही. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कोपरासारख्या वाकलेल्या असून त्यांचा पहिला दांडा डोळ्याच्या मागे बराच जातो. मागच्या मांडीच्या खालच्या कडेला एक ठळक काटा दिसतो. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे अग्रवक्षाच्या (डोके आणि पंखकवचे यांमधल्या भागाच्या) मधोमध, डोक्यापासून पंखकवचांपर्यंत जाणारा काळाभोर, खवलेविरहित पट्टा. सातपैकी चार भुंगेऱ्यांवर तो स्पष्ट आहे. उरलेले तीन आकाराने थोडे लहान आहेत आणि त्यांच्यावर पट्टा नाही; त्यामुळे एकाच झुडपावर दोन जाती असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रे चढवली तेव्हा तिथल्या यंत्राने 'श्रीलंकन वीव्हिल' असे नाव सुचवले, परंतु त्या जातीच्या एकाही चित्रात मला असा पट्टा सापडला नाही. मार्शल यांनी 1916 मध्ये ब्रिटिश भारतातील सोंड्या भुंगेऱ्यांवर लिहिलेल्या खंडाची स्कॅन केलेली प्रत महाजालावर मोफत मिळते. ही सुचवलेली जाती ज्यात मोडते त्या मिलोसेरस वंशाची तिच्यातील वर्णने मी दोन महिने शब्दकोश हाताशी घेऊन वाचली. तिथेही हा पट्टा आढळला नाही. म्हणून प्रश्न विचारण्याचे धाडस करतो: ही विज्ञानाला अज्ञात असलेली जाती असू शकेल का, आणि तसे असेल तर माझ्यासारख्याने पुढे काय करावे?

तळकोकणी

घाटमाथाराव, अभिनंदन! आंबोलीच्या पाण्याला हा गुणच आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडातला मासा 2020 मध्ये शास्त्रात नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आता भुंगेऱ्याचा नंबर. नाव ठरवून टाका, 'मिलोसेरस आंबोलीएन्सिस' कसे वाटते?

भिंग

तळकोकणी, उत्साह समजण्यासारखा आहे, तरी नावाचा विषय कृपया इथेच थांबवावा. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार धाग्यावर लिहिलेल्या नावाला काहीही स्थान मिळत नाही. त्यासाठी वर्णनासह रीतसर प्रकाशन लागते, 2000 सालापासून मूळ नमुना (ज्या किड्यावर नाव आधारलेले असते तो) कोणता आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे स्पष्ट लिहावे लागते, आणि प्रकाशन केवळ इलेक्ट्रॉनिक असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदही लागते. असे असूनही महाजालावर एकदा पडलेले नाव कुणीतरी उचलतो, दुसरा त्याचा दाखला देतो, आणि मागून येणाऱ्या माणसाला ते निस्तरावे लागते.

परिभाषेचेही एक सांगते. वर्तमानपत्रे स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. जुन्या मराठी परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे वंश किंवा प्रजाती. या धाग्यात आपण जाती आणि वंश एवढेच शब्द वापरू, म्हणजे घोळ होणार नाही.

घाटमाथाकाका, मी कृषी कीटकशास्त्रात काम करते आणि राख भुंगेऱ्यांशी, म्हणजे मिलोसेरस आणि त्याच्या जवळच्या सोंड्यांशी, माझा जुना परिचय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण प्रश्न थेट जातीपासून सुरू केलात. आधी वंश पक्का करू. सोंड्या भुंगेऱ्यांच्या मुख्य कुलात 50,000हून अधिक जातींना नावे मिळालेली आहेत आणि अजून नाव न मिळालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी जास्त असावी, असे या विषयातले अभ्यासक मानतात. याचा अर्थ नवी जाती सापडणे अजिबात अशक्य नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की आपल्याला ओळखता न येणाऱ्या जुन्या जातीही हजारोंनी आहेत, आणि छत्रीत पडलेला भुंगेरा त्यांच्यापैकी एक असण्याची शक्यता नेहमीच मोठी असते.

आखूड, रुंद सोंड आणि कोपरासारखी शृंगिका एवढ्यावरून आपण एंटिमिनी या उपकुलात येतो. तिथून पुढे तीन गोष्टी पाहून सांगा. पहिली म्हणजे नखे. पावलाच्या टोकाची दोन नखे मुळाशी एकमेकांना जोडलेली आहेत की सुटी, हे खालच्या बाजूने पाहावे. दुसरी म्हणजे डोळ्यामागे, अग्रवक्षाच्या पुढच्या कडेवर, डोळ्याकडे रोखलेल्या ताठ केसांची झुबकी आहे का. ती असेल तर आपला भुंगेरा टॅनिमेकस हा दुसरा वंश आणि त्याच्या भाऊबंदांच्या गटात जातो आणि मिलोसेरस बाद होतो. तिसरी म्हणजे शृंगिका ज्या खोबणीतून निघते ती खोबण. ती सोंडेच्या वरच्या अंगाला आखूड खड्ड्यासारखी आहे, की बाजूने डोळ्याखाली वळत गेलेली आहे, हे पाहावे. नखे जोडलेली, झुबकी नाही आणि खोबण वरच्या अंगाला, असे निघाले तर मिलोसेरस किंवा त्याचे अगदी जवळचे वंश, असे म्हणता येईल.

आता पट्ट्याविषयी. मला त्याची शंका येते. या भुंगेऱ्यांचा रंग हा खवल्यांचा रंग असतो आणि खवले झडतात. झाडाच्या ढोलीत शिरताना, पावसात, आणि विशेषतः मीलनाच्या वेळी नर तासन्‌तास मादीच्या पाठीवर बसतो तेव्हा, पाठीवरचे खवले घासून निघतात व खालचे काळे कवच उघडे पडते. जन्मजात उघडा भाग आणि घासलेला भाग यांत भिंगाखाली फरक दिसतो. घासलेल्या भागात खवले रुतलेले होते त्या जागी बारीक रिकामे खळगे राहतात, कडेला तुटक्या खवल्यांचे तुकडे चिकटलेले असतात आणि पट्ट्याची कड प्रत्येक किड्यात निराळी असते. चारही भुंगेऱ्यांत पट्ट्याची रुंदी अगदी सारखी आहे का? आणि ते चारही मोठ्या चणीचेच आहेत, हा योगायोग आहे का?

आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता तो विसरलेच. लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीत? सोंड्यांची लांबी सोंड वगळून मोजण्याची प्रथा आहे, कारण सोंड वरखाली हलते आणि तिच्यामुळे आकडे फसवे येतात. डोळ्याच्या पुढच्या कडेपासून पंखकवचांच्या टोकापर्यंत, बाजूने पाहून मोजावे.

अटलांटिक_किनारा

मी गेली अनेक वर्षे फ्लोरिडात राहते आणि यंत्राने सुचवलेला तो 'श्रीलंकन वीव्हिल' आमच्या अंगणातल्या लिंबाच्या पानांवर रोज भेटतो, म्हणून लिहिते. त्याचे शास्त्रीय नाव मिलोसेरस अनडेसिमपस्टुलेटस, उपजाती अनडाटस. अनडाटसचे वर्णन त्याच मार्शल यांनी त्याच 1916 च्या खंडात केलेले आहे. तो अमेरिकेत प्रथम 2000 साली फ्लोरिडातील पॉम्पॅनो बीच येथे आढळला आणि आज शोभेच्या झाडांपासून आंब्यापर्यंत कितीतरी झाडांवर दिसतो. त्यामुळे महाजालावर मिलोसेरसची जी चित्रे आहेत त्यांत या एकाच जातीची संख्या भरमसाट आहे, आणि यंत्र जे जास्त पाहते तेच सुचवते. आमच्याकडचा भुंगेरा पांढुरका असतो, त्यावर गडद ठिपके असतात आणि डोके पिवळसर असते. आपल्या चित्रातला हिरवा भुंगेरा मला तरी त्याच्यासारखा वाटत नाही.

चोर्ल्याचा_वारा

हिरवा मिलोसेरस म्हटल्यावर मला विरिडॅनसची आठवण झाली. दक्षिण भारतात तो शेतातही सापडतो ना? फॅब्रिसियस यांनी अठराव्या शतकातच नाव दिलेली जाती आहे ती.

भिंग

बरोबर आठवण केलीत, आणि पहिली तुलना विरिडॅनसशीच व्हायला हवी. तरी नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नये. या वंशात एकाच जातीचे किडे हिरवे, राखाडी आणि तांबूस अशा छटांत सापडू शकतात. अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग आणखी बदलतो आणि वाळवल्यावर पुन्हा निराळा दिसतो.

घाटमाथा

भिंगताई, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व पाहायला मला तीन आठवडे लागले. एका महाविद्यालयातील प्राध्यापक मित्राने स्टिरिओ सूक्ष्मदर्शक वापरू दिला, त्यामुळे हे शक्य झाले.

नखे मुळाशी जोडलेली आहेत. डोळ्यामागे केसांची झुबकी नाही. खोबण वरच्या अंगाला, आखूड आणि खोलगट आहे. लांबी नव्या पद्धतीने मोजल्यावर चार मोठे 5.3 ते 5.6 मिलिमीटर आणि तीन लहान 4.5 ते 4.8 मिलिमीटर भरले.

पट्ट्याबाबत आपलीच शंका खरी ठरली, हे सांगताना थोडे वाईट वाटते. चारही भुंगेऱ्यांत पट्टा वेगवेगळ्या रुंदीचा आहे. एकात तो पंखकवचांच्या मुळावरही उतरला आहे. उघड्या जागेत बारीक खळगे ओळीने दिसतात आणि कडेला हिरव्या खवल्यांचे तुकडे आहेत. ज्या लक्षणावर मी दोन महिने मार्शलसाहेबांचे पुस्तक पालथे घातले ते लक्षण नसून झीज होती.

मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. तीन लहान भुंगेऱ्यांपैकी एकाच्या जबड्यावर पुढे आलेला, विळ्यासारखा वाकडा, टोकदार भाग आहे आणि तो फक्त उजव्या जबड्यावर आहे. डाव्या जबड्यावर त्या जागी गोल चट्टा दिसतो. हे व्यंग असावे की स्वतंत्र जातीचे लक्षण?

भिंग

काका, वाईट वाटून घेऊ नका. तो विळा पाहून मला फार आनंद झाला. व्यंग नाही, आणि स्वतंत्र जातीचे लक्षणही नाही. एंटिमिनी उपकुलातील बहुतेक भुंगेऱ्यांची अळी जमिनीत मुळे खाते आणि कोषही जमिनीतच असतो. प्रौढ किडा बाहेर पडताना माती फोडण्यासाठी दोन्ही जबड्यांवर असे तात्पुरते काटे घेऊन येतो आणि वर आल्यावर ते गळून पडतात. गळल्यानंतर जबड्यावर जो चट्टा उरतो तो या उपकुलाची ओळख पटवण्यासाठी वापरला जातो. एक काटा अजून शिल्लक आहे याचा अर्थ तो भुंगेरा जमिनीतून नुकताच वर आलेला होता. त्याच्या अग्रवक्षावर पट्टा नाही आणि खवले पूर्ण आहेत, म्हणजे या जातीचे न झिजलेले रूप आपल्या हाती आहे. वर्णन करायचे झाले तर रंगासाठी हाच नमुना आधार ठरेल. त्याला जपा.

मोठे आणि लहान यांचे कोडेही बहुधा सुटले. मादी मोठी, नर लहान, आणि पट्टा माद्यांच्या पाठीवर. हा माझा तर्क आहे. पोट उघडल्यावर नक्की सांगता येईल.

पोट उघडण्याचा विषय काढला आहे तर त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. तांदळात होणारे सोंडे सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांत एक जाती सायटोफिलस ओरायझी, जिला लिनियसने 1763 मध्ये नाव दिले, आणि दुसरी सायटोफिलस झिमेस, जिला मोत्शुल्स्की यांनी 1855 मध्ये दिले. पाठीवर तेच चार तांबूस डाग, तीच सोंड, तीच चण. दोघांना जोडून ठेवले तर भिंग घेऊनही खात्रीने निवडता येत नाहीत. नराचे जननेंद्रिय काढून वरून पाहिले तर ओरायझीत ते गुळगुळीत आणि गोलसर असते, झिमेसमध्ये त्यावर दोन लांबट पन्हळी असतात. ज्या किड्यांनी माणसाचे धान्य हजारो वर्षे खाल्ले त्यांची ही स्थिती, तर अंजनीवरच्या भुंगेऱ्याचा निकाल छायाचित्रावरून कसा लावणार? मार्शल यांनी 1916 मध्ये मुख्यतः बाह्य लक्षणांवर वर्णने लिहिली. भारतीय मिलोसेरसचा पुढचा मोठा आढावा राममूर्ती आणि घई यांनी 1988 मध्ये घेतला. तो मिळवून त्याच्या ओळखकुंजीवर (एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणाऱ्या प्रश्नमालेवर) हा भुंगेरा चालवून पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पद्धत अशी. वाळलेला नर कोमट पाण्यात मऊ करावा. पोटाचा भाग सुईने अलगद सुटा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात रात्रभर ठेवावा, म्हणजे मांसल भाग विरघळतो आणि कठीण भाग उरतात. ते पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात पाहावेत. काम झाले की ते ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत घालून कुपी त्याच टाचणीला खोचावी. पोट एका टाचणीवर आणि धड दुसऱ्या टाचणीवर गेले की नमुना वाया गेला, असे समजावे. हायड्रॉक्साइड हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे, आणि पहिला प्रयोग या भुंगेऱ्यावर करू नये. डब्यातल्या सोंड्यांवर हात बसवावा.

रेणुसूत्र

मी डीएनएच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. सातपैकी निदान एखादा भुंगेरा 95 टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवला आहे का? 70 टक्क्यांत अवयव मऊ राहतात म्हणून विच्छेदनाला ते बरे, पण डीएनए त्यात टिकत नाही. प्राण्यांच्या बारकोडसाठी, म्हणजे जाती ओळखायच्या डीएनए-खुणेसाठी, सीओआय या जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा वापरतात आणि त्यासाठी एक पाय पुरतो.

या पद्धतीचे सोंड्यांमधील गाजलेले उदाहरण म्हणजे ट्रायगोनोप्टेरस वंश. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील संग्रहालयातले अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये न्यू गिनीतील 101 नव्या जाती एकाच लेखात प्रसिद्ध केल्या आणि 2019 मध्ये सुलावेसीतील 103. प्रत्येक जातीचे आटोपशीर वर्णन, उत्तम छायाचित्रे, नराच्या जननेंद्रियाचे चित्र आणि बारकोड, अशी त्यांची रीत होती. इतकी नावे आणायची कुठून, म्हणून पहिल्या वेळी काही नावे तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीतून घेतली आणि दुसऱ्या वेळी एका जातीला चित्रकथेतल्या ॲस्टेरिक्सचे नाव दिले. त्यामुळे नावाच्या बाबतीत तळकोकणींनी फार चिंता करू नये.

मात्र बारकोड वेगळा आला म्हणजे जाती नवी, असे होत नाही. ज्यांच्याशी तुलना करायची त्या भारतीय मिलोसेरसांचे बारकोड खात्रीशीर ओळख पटलेल्या नमुन्यांवरून केलेले असले पाहिजेत. एखाद्याने चुकीच्या नावाने चढवलेली नोंद जुळली तर आपणही त्याच चुकीत सामील होतो.

चोर्ल्याचा_वारा

एक बाळबोध प्रश्न. अंजनीवरच सापडला हे लक्षण म्हणून धरता येणार नाही का? फुलपाखरांमध्ये अळीचे झाड कळले की अर्धी ओळख पटते.

भिंग

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. सोंड्यांच्या अनेक गटांत झाडावरून जातीपर्यंत पोहोचता येते. आंब्याच्या कोयीतला भुंगा हे घरचे उदाहरण. मिलोसेरसमध्ये मात्र हा आधार कच्चा आहे. प्रौढ भुंगेरा जे कोवळे पान मिळेल ते खातो आणि अळी जमिनीत कुणाची मुळे खाते हे बहुतेक जातींत कुणी पाहिलेलेच नाही. तरी झाडाची नोंद चिठ्ठीवर असावी. उद्या तीच जाती तीन ठिकाणी अंजनीवरच सापडली तर त्या नोंदीचे मोल वाढेल.

घाटमाथा

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. तांदळातल्या अकरा सोंड्यांवर हात बसवला, मगच धीर केला. घरच्यांनी या काळात माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले ते इथे लिहीत नाही.

तिन्ही लहान भुंगेरे नरच असावेत. त्यांपैकी दोघांचे पोट उघडले आणि दोघेही नर निघाले. काटा शिल्लक असलेल्या तिसऱ्याला मी हात लावलेला नाही. मोठ्यांपैकी एक उघडला, ती मादी आहे. म्हणजे एका झुडपावर दोन जाती असल्याचा माझा पहिला अंदाजही गेला.

1988 चा आढावा प्राध्यापक मित्राच्या मदतीने मिळाला. ओळखकुंजीवर चालताना दोन ठिकाणी अडखळलो. पहिले ठिकाण शृंगिकेचे. कोपरानंतरच्या सात पेरांपैकी दुसरे पेर माझ्या सर्व भुंगेऱ्यांत पहिल्याच्या साधारण दीडपट लांब आहे. दुसरे ठिकाण मागच्या मांडीचे. एका ठळक काट्याच्या पुढे, गुडघ्याच्या बाजूला, एक अगदी बारीक दुसरा काटा आहे, जो मला छायाचित्रात कधीच दिसला नव्हता. खवल्यांखाली तो झाकला जातो. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर कुंजी मला ज्या जोडीपाशी नेते त्या जोडीतील कोणत्याही जातीशी नराचे जननेंद्रिय जुळत नाही. चित्रांत त्याचे टोक बोथट आणि रुंद आहे. माझ्या दोन्ही नरांत ते निमुळते होत जाऊन बाजूने पाहिल्यास चोचीसारखे किंचित खाली वाकलेले दिसते. पेन्सिलीने काढलेली चित्रे सोबत जोडली आहेत. विरिडॅनसची वाट कुंजीत याआधीच वेगळी होते.

अल्कोहोलचा प्रश्न रेणुसूत्रांनी विचारला होता. सातही भुंगेरे मी इथाइल ॲसिटेटने मारून कार्डाच्या त्रिकोणावर चिकटवले होते. डीएनएसाठी एकही ठेवलेला नाही, ही माझी चूक.

भिंग

चित्रे पाहिली. स्वच्छ आहेत, आणि दोन्ही नरांत टोक सारखे येणे हे महत्त्वाचे आहे. जे नर फार वेळ हायड्रॉक्साइडमध्ये राहतात त्यांच्यात टोक कधीकधी वेडेवाकडे होते, पण ते दोघांत एकसारखे झाले नसते. काटा, पेर आणि टोक ही तीन लक्षणे झिजत नाहीत, म्हणून आता प्रश्नाला वजन आले आहे, असे मी म्हणेन.

तरीही 'नवी जाती' असे शब्द मी अजून वापरणार नाही. 1988 नंतर प्रसिद्ध झालेले लेख पाहायचे आहेत. त्याहून अवघड म्हणजे मूळ नमुने. या वंशातल्या जातींना नावे देणाऱ्या जुन्या अभ्यासकांपैकी फाउस्ट यांचे नमुने ड्रेस्डेनमध्ये, मार्शल यांचे प्रामुख्याने लंडनमध्ये, बोहेमान यांचे स्टॉकहोममध्ये. ज्या जातीचे वर्णन चार ओळींचे आहे आणि नर कुणी उघडलेला नाही, तिचा मूळ नमुना पाहिल्याशिवाय तिला वगळता येत नाही. दिल्लीत पुसा येथील राष्ट्रीय संग्रहात मिलोसेरस भरपूर आहेत. तिथून सुरुवात करणे सोयीचे. परदेशी तज्ज्ञाला भुंगेरा टपालाने पाठवण्याचा मोह मात्र टाळावा. जैवविविधता कायदा 2002 नुसार त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, आणि भारतात नवी जाती जाहीर करायची तर तिचे नमुने ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करणेही त्याच कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हा असा संग्रह असून तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे.

आणखी नमुने हवेत, ही खरी गरज आहे. एका बांधावरच्या सात भुंगेऱ्यांवरून जातीच्या आतला फरक किती ते कळत नाही. निमुळते टोक फक्त आंबोलीच्या वस्तीत आहे की दहा-वीस किलोमीटरवरही तेच आहे, हे पाहावे लागेल. अभयारण्यात किंवा वनजमिनीवर परवान्याशिवाय काही गोळा करू नये. खासगी बांध पुष्कळ आहेत.

घाटमाथा

ठरवले आहे. सातही नमुने पुण्याच्या केंद्रात देण्याबाबत पत्र लिहितो. तोवर पुढच्या जूनची वाट पाहीन आणि या वेळी अर्धे भुंगेरे तीव्र अल्कोहोलमध्ये टाकीन. टाचणीवरची चिठ्ठीही नव्याने लिहिली. आधीच्या चिठ्ठीवर नुसते 'आंबोली' होते. आता अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अंजनी, छत्रीची पद्धत आणि संकलकाचे नाव आहे.

चोर्ल्याचा_वारा

चोर्ल्याच्या बाजूला आमच्या नातेवाइकांच्या कुळागराच्या वरच्या अंगाला अंजनीची झुडपे आहेत. जूनमध्ये मीही छत्री घेऊन जातो. अल्कोहोलच्या बाटलीत जी चिठ्ठी घालायची ती कशाने लिहू?

भिंग

पेन्सिलीने, आणि ती बाटलीच्या आत. शाई अल्कोहोलमध्ये पसरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पावसात निघून जाते.

चोर्ल्याचा_वारा

ठीक आहे. नर किती हवेत?

भिंग

पाच मिळाले तर उत्तम. लहान चणीचे पाहा, आणि पाठीवर पट्टा नसलेले.